बगळ्याची नवीकोरी सायकल

प्राणी सायकली चालवायचे, त्या काळातली ही गोष्ट. एका बगळ्याने शर्यतीची सायकल आणली. तिला हळदकुंकू वाहिलं, हार घातला आणि सीटवरचं प्लास्टिकही न काढता तो निघाला. सीट इतकी खाली होती, की दर पायडलला गुडघा चोचीवर आपटायचा. तळ्यापर्यंत येता येता चोच सुजली.

“अरे, सीट वर घे की!” पाण्यात बसलेली म्हैस म्हणाली.

“नव्या वस्तूला पाना लावायचा? काहीतरीच काय म्हशीताई! मीच पाय आखडून बसायला शिकतो. नाहीच जमलं, तर परत करून येतो.”

तेवढ्यात सायकलच बोलली, “अरे बाबा, हार घातलास तसा पानाही लाव. नाहीतर मला देव्हाऱ्यात ठेव आणि तू चालत जा!”

बगळा ओशाळला. त्याने प्लास्टिक टराटरा फाडलं, सीट वीतभर वर घेतली, हँडल जरा जवळ आणलं. पायडल मारलं, तसे लांब पाय मोकळे सुटले. बांधावरच्या बाभळी भराभर मागे पडू लागल्या.

“उडायला लागलास की काय रे?” म्हैस ओरडली.

“छे हो!” लांबून आवाज आला. “आत्ता कुठे नीट बसलोय!”