दगडाला विरजण लावणारी ठमाई

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. सांगणाऱ्याला ठाऊक नाही, आणि कळून ऐकणाऱ्याच्याही पदरात काही पडायचं नाही. घाटमाथ्यावर करमळीचा सडा म्हणून एक ठिकाण आहे. सडा म्हणजे डोंगराच्या डोक्यावरचा सपाट उघडा कातळ. आज तिथे पाऊल ठेवलंत तर उन्हाने तळवे पोळतात. पण त्या काळी या कातळावर गुडघाभर माती होती, असं म्हणतात. तिच्यात नाचणी व्हायची, वरी व्हायची, आणि मधोमध गवळ्यांची एक वाडी होती. म्हशी राखायच्या, दूध विरजायचं, लोणी घेऊन घाट उतरायचा, असा त्यांचा जन्म चालला होता.

मग एका वर्षी माणसांना हाव सुटली. सड्याच्या कडेने कारवीचं दाट रान होतं, ते त्यांनी नाचणीसाठी तोडून जाळलं. कारवी माती धरून ठेवते हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. कळत होतं, पण वळत नव्हतं. त्या पावसाळ्यात आभाळ फाटलं. पाऊस उघडला तेव्हा वाडीची घरं, घरांच्या भिंती, सारवलेल्या जमिनी, खळी, वाफे, सगळं दरीत गेलं होतं. राखेने घासून उपडं घातलेल्या ताटासारखा सडा स्वच्छ दिसत होता. माणसं आणि म्हशी एका कपारीत दाटीवाटीने उभी होती, म्हणून वाचली.

त्या कपारीत ठमा होती. ठमा म्हणजे धाकलू गवळ्याची बायको. तिच्या मांडीवर तिची एकुलती एक येसू होती, नवसासायासाने झालेली, नुकती बोलायला लागलेली. पोरीला हुडहुडी भरली, ताप चढला, आणि ऊन पडलं त्याच दिवशी ती गेली.

आता या लोकांत मेलेल्याला पुरायची रीत. आणि पुरताना पहिली मूठ द्यायची ती आपल्या वाडीच्या मातीची, जिच्यावर मेलेल्याची पावलं उमटली त्या मातीची. लेकराला ती मूठ आईने द्यायची. ती मिळाली नाही तर जीव उघड्यावर पडतो, त्याला झोप लागत नाही, अशी त्यांची समजूत. धाकलू बिचारा धावत घाट उतरला आणि खालच्या गावातून पाटीभर माती डोक्यावर घेऊन आला. वाडीतला म्हातारा जानूबाबा मान हलवून म्हणाला, "परक्या मातीनं अंग झाकंल रं, जीव न्हाई झाकायचा."

वाडीभर शोधलं. कातळाच्या भेगेतसुद्धा चिमूटभर माती उरली नव्हती. मग येसूवर दगड रचले. ठमा मूठ आवळून उभी राहिली, आणि मुठीत द्यायला काही नव्हतं म्हणून तिने ती तशीच पदरात लपवली. दगडांच्या फटीतून पाणी आत जात होतं आणि वारा शीळ घालत होता. ते ऐकून कुठल्या आईचं काळीज जाग्यावर राहील?

वाडीने खालून माती आणली, नवी घरं बांधली, नव्या जमिनी सारवल्या. माणसं सावरली. माणसं सावरतातच. ठमा सावरली नाही. उठता बसता तिला एकच लागलं होतं: सड्याची मूठभर माती पाहिजे, पोरीच्या अंगावर घालायला पाहिजे. धाकलू म्हणायचा, "ठमे, अगं दुसरी हुईल." ती म्हणायची, "हुईल की. पर ही भिजतीया, तिचं काय?"

एकदा ती झऱ्यावर पाणी भरत होती. झऱ्याच्या कडेला सावलीत दगडफूल चढलेलं होतं, आपण मसाल्यात घालतो ना, तेच. तिने सहज नखाने ते खरवडलं, तर त्याच्याखालचा दगड भुसभुशीत लागला. नखात तांबूस पूड आली. तिने शेजारचा कोरडा, उघडा दगड खरवडला, तर तिचं नखच मोडलं. ठमा तिथेच बसली. पाणी तर दोन्ही दगडांवर पडतं. मग हाच का मऊ? या दगडाला कोणीतरी खातंय, तिच्या मनात आलं. दगडफूल वरून खातंय, पाणी भेगेतून शिरतंय, आणि आत आणखी कोणी असेल, जे डोळ्याला दिसत नाही.

दिसत नाही म्हणून नाही, असं गवळ्याची बाई कधी मानत नाही. विरजणात काय असतं ते कोणाला दिसलंय? तरी चमचाभर टाकलं की रांजणभर दुधाचं दही होतं. ठमाने झऱ्याकाठचं दगडफूल आणि ती तांबूस पूड ताकात कालवली, येसूच्या दगडांशेजारच्या सपाट कातळावर नेऊन हाताने लिंपली, आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "दगडाला विरजण लावलं."

वाडी हसली. हसणारच. कोणी म्हणालं, दही कधी लागतंय ते सांग, आम्ही भाकरी घेऊन येतो. पहिल्या उन्हाळ्यात तर सगळं करपून पापुद्रे उडाले. तिने पुन्हा लावलं. पावसाने वाहून नेलं. तिने पुन्हा लावलं. असं करता करता ती शिकली. वर करमळीच्या डहाळ्यांची सावली धरायची. पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं. ओल टिकली पाहिजे, ओघळ निघता कामा नये. आणि घाई करायची नाही. आज विरजलेलं उद्या लागतं ही दुधाची गोष्ट. दगडाचं दूध फार घट्ट.

सड्यावर सगळ्यांच्या म्हशींना चारा पुरेना तेव्हा धाकलू म्हशी घेऊन खालच्या गावी राहायला गेला. तो वाईट माणूस नव्हता. दर बाजाराला तो तिच्यासाठी ताकाचं मडकं घेऊन घाट चढायचा, कातळाकडे बघायचा, आणि रिकामं मडकं घेऊन उतरायचा. एका बाजाराला तो आला नाही. त्याला खालच्याच मातीत पुरलं. ठमा तिथवर जाऊन आली, आणि त्याच संध्याकाळी पुन्हा कातळावर पाणी शिंपडायला बसली.

वर्षं गेली. कातळावर राखी ठिपके उमटले, ठिपक्यांची खपली झाली, खपलीखाली दगड तांबूस पडला. दिवसा तो तापायचा, पहाटे गारठायचा, आणि त्याच्या बारीक भेगांत पाणी मुरायचं. कातळाला कान लावला की ठमाला ते मुरणारं पाणी ऐकू यायचं, असं म्हणतात. दरीतलं धुकं वर यायचं आणि सगळा सडा सोडून तिच्याच कातळावर बसून राहायचं, असंही म्हणतात. आणि ती ओवी म्हणायची तेव्हा दगडाला पाझर फुटायचा:

कातळा माझ्या बापा, थोडा विरघळून ये रं
उघड्या निजल्या येसूला मूठभर पांघरूण दे रं

पाझर फुटायचा की नाही, देव जाणे. पण मधल्या एका खळग्यात खरोखरीची माती साठू लागली होती. काळसर, भुरभुरीत, ओली झाली की वास येणारी. ठमाने ती कधी उचलली नाही. मूठ भरल्याशिवाय उचलायची नाही, आणि अर्ध्या मुठीने लेकराचं पांघरूण होत नाही, हे तिने मनाशी धरलं होतं. तोवर तिचे केस पांढरे झाले होते, पाठ वाकली होती. त्या वर्षी ती म्हणाली, "यंदाचा पावसाळा झाला की मूठ भरंल." हे तिने एकाच बाईला सांगितलं, शेजारच्या हौसाला. हौसा वाडीत सून म्हणून आली आणि तिने ठमाला आई मानलं. भाकरी द्यायची, पाय चेपायची. मुठीचं तिने ऐकलं, पण ती माती कुठून यायची हे काही तिला उमगलं नाही. म्हातारी देवाजवळ काही मागते आहे, एवढंच तिला वाटलं.

कारण आता वाडी हसत नव्हती. म्हशींवर रोग आला तेव्हा कोणीतरी ठमाईच्या कातळाला नवस बोललं आणि रोग हटला. तेव्हापासून बाया कातळाला लांबून हात जोडू लागल्या. आणि चैत्रात ठमाई तापाने अंथरुणाला खिळली, तेव्हा हौसाने बायांना गोळा केलं. म्हणाली, आपली आई उठावी म्हणून तिच्या कातळाची सेवा करू.

सेवा म्हणजे काय, तर या वाडीची रीत अशी: देवाचा दगड जत्रेआधी राखेने आणि काथ्याने घासायचा, त्यावरचं शेवाळ, खपल्या, मळ सगळं काढायचं, दुधाने न्हाऊ घालायचं आणि शेंदूर लावायचा. जितका घासाल तितकी भक्ती मोठी. त्या बाया सकाळपासून दुपारपर्यंत गुडघ्यांवर बसून घासत होत्या. खळगा तर हौसाने आपल्या हाताने बोटं घालून साफ केला. तिची बोटं सोलवटली.

मग ती ठमाईच्या उशाशी आली. "आई, तुजा कातळ लख्ख केला बग. आरशावाणी."

ठमाई तिच्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "कशानं घासला?"

"राखंनं. काथ्यानं."

"आन् पानी?"

"उताराला सोडलं. समदी घाण ग्येली धुऊन."

ठमाईची नजर तिच्या सोलवटलेल्या बोटांवर गेली. मग म्हणाली, "दमली आसशील. मडक्यात ताक हाय, घे." आणि हौसा ताक पीत असताना ती भिंतीला धरून उठली.

तापातच ती सड्यावर गेली. हौसा मागे मागे. कातळ शेंदराने लाल झाला होता, दुधाने ओला होता. ठमाई खळग्याशी बसली. तिने आत हात फिरवला, जसा झोपलेल्या पोराच्या अंगावरून फिरवतात तसा, आणि हात वर करून पाहिला. हाताला शेंदूर लागला होता. "हौसे," ती म्हणाली, "येसूची माती व्हती गं ती."

तेव्हा हौसाला समजलं. ती उतारावर धावली, पाण्याचे ओघळ जिथे जिथे वाळले होते तिथे तिथे बोटांनी खरवडत सुटली. हाती राख आली, काथ्याचे धागे आले. बाकी सगळं कड्यावरून खाली गेलं होतं, जिथे आधीची माती गेली होती. हौसा परत आली ती कपाळ बडवत. ठमाईने तिचे हात धरले आणि म्हणाली, "झऱ्यावरनं दगडफूल आन जा. आन् तुज्या मडक्यातलं ताक उरलं आसंल तर ते बी."

तिने शेंदूर पुसून पुन्हा एकदा विरजण लावलं. निम्मं खळग्याबाहेर सांडलं. पहिला पाऊस पडायच्या आत ती गेली.

लेकीशेजारी दगड रचून तिला ठेवलं. काही सांगणारे सांगतात की तिची मूठ मिटलेली होती, कोणाला उघडेना, आणि दगडावर ठेवल्यावर ती आपोआप उघडली आणि मातीची धार लागली. ऐकायला बरं वाटतं. मी काही ते सांगणार नाही, कारण वाडीतली जुनी माणसं तसं सांगत नाहीत. ती सांगतात की मूठ द्यायची वेळ आली आणि वाडी एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. मूठ द्यायला मुलगी नाही, माती नाही. तेव्हा हौसा पुढे झाली. तिने त्या घासलेल्या कातळावर हात टेकला, मूठ मिटली, ठमाईवर धरली आणि उघडली. काहीच पडलं नाही. हौसा मात्र वाकून तशीच उभी राहिली, आणि तिला धरून घरी न्यावं लागलं.

आता सड्याखालून डांबरी रस्ता गेलाय. माती हवी तर ट्रकने येते. पण करमळीच्या सड्यावर देवाचा दगड कोणी घासत नाही. तिथले देव शेवाळात आणि दगडफुलात बुडालेले असतात आणि पाहुणे नाक मुरडतात. दर अमावास्येला एखादी सून ताकाचं मडकं घेऊन ठमाईच्या कातळावर जाते, विरजण लावते, पाणी शिंपडते आणि खपली तुडवली जाऊ नये म्हणून चपला हातात घेऊन परत येते. कातळावर राखी खपली पुन्हा धरली आहे. खळग्यात माती आहे म्हणतात, नखाला लागेल एवढी. तिला कोणी हात लावत नाही. ती भरली की पहिली मूठ येसूची आणि दुसरी ठमाईची, आणि ती भरायची नाही आपल्या नातवंडांच्याही हयातीत, हे वाडीला चांगलं ठाऊक आहे.

म्हणून आजही वाडीत कोणी गेलं की घरची बाई आधी त्या कातळाशी जाते. हात टेकते, मूठ मिटते, आणि मिटलेली मूठ घेऊन पुरायच्या जागेशी येते. मग ती मूठ उघडते, आणि खाली काही पडत नाही.