मागचा झरोका

किती वर्षं झाली ते नेमकं सांगणारं आता कुणी उरलं नाही, पण फार पूर्वी एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावाची रीत मोठी गमतीची होती. तिथे घराची पत कुलपावरून ठरायची. पाहुणे आले की आधी दाराचं कुलूप न्याहाळायचे, मग यजमानाची विचारपूस करायचे. सोयरीक जुळवतानासुद्धा मुलीचा बाप कुलूप हातात घेऊन त्याचं वजन बघायचा.

त्या गावात एक कोठारी राहत होता. सुगी संपली की घरोघरचं निवडक बियाणं त्याच्या तळघरात यायचं. ज्याचं त्याचं मडकं, ज्याची त्याची खूण. पेरणीपर्यंत ते सांभाळायचं, हे त्याचं काम. माणूस प्रामाणिक होता. त्यातला एक दाणासुद्धा त्याने कधी आपल्या ताटात येऊ दिला नाही. फक्त कौतुक ऐकायची त्याला भारी हौस होती.

त्याच्या तळघराला मागच्या अंगाला, अगदी जमिनीलगत, एक झरोका होता. बियाण्याला वारा लागावा म्हणून ठेवलेला. त्याच्या लाकडी पट्ट्या वाळवीने पोखरल्या होत्या आणि बाहेर एरंडाची झुडपं माजली होती.

एका वर्षी कोठाऱ्याने तळघराच्या दारासाठी लोहाराकडून नवं कुलूप करून घेतलं. कुलूप झालं आणि थोडं लोखंड उरलं.

"एवढ्यात मागच्या झरोक्याला गज होतील," लोहार म्हणाला. "त्या पट्ट्यांत काही राम उरला नाही. आणि झुडपंही काढून टाका."

"त्यापेक्षा कुलपावर सिंहाचं तोंड बसव," कोठारी म्हणाला. "मागे कोण बघायला येतंय?"

त्याची बायको दारातच उभी होती. ती म्हणाली, "कुणी बघत नाही, म्हणूनच तर भीती वाटते. तेवढे गज बसवून घ्या ना."

"बघू पुढच्या वर्षी," असं म्हणून त्याने विषय संपवला.

सिंह बसला. अख्खं गाव बघायला आलं आणि कोठाऱ्याची छाती फुगली. पण तळघरात उतरलं की पट्ट्यांमधून येणारं ऊन त्याच्या डोळ्यांत खुपायचं. एक दिवस त्याने तिथे गोणपाट कोंबलं आणि खुपणं थांबवलं.

मग नदीपलीकडे देवीची जत्रा भरली. भर दुपारी सगळं गाव तिकडे गेलं. कोठाऱ्यानेही कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि निघाला. परत आला तेव्हा कुलूप जसंच्या तसं होतं. तो निश्चिंत झोपला.

सकाळी तो तळघरात उतरला. पट्ट्या मोडून पडल्या होत्या. गोणपाट जमिनीवर लोळत होतं. सगळी मडकी रिकामी होती.

गाव जमलं. कुणी त्याला वाकडा शब्द बोललं नाही. "चोरापुढे तुम्ही तरी काय करणार?" लोक म्हणाले. "आणू शेजारच्या गावांतून बियाणं."

शेवटी एक म्हातारी आली. तिच्या मडक्यात तिच्या सासूच्या हातचा जोंधळा होता. खडकाळ जमिनीत, कमी पावसातही तग धरणारा. तो दुसऱ्या कुणाकडेच नव्हता. तिने आपलं मडकं उचलून आत हात फिरवला.

"हा झरोका मोडकळीला आलाय, हे तुला ठाऊक होतं का रे?" तिने विचारलं.

नाही म्हणाला असता तर गावाने विश्वास ठेवला असता. पण कोठाऱ्याच्या तोंडून ते निघेना.

"ठाऊक होतं, आजी. लोहारानं सांगितलं होतं. हिनंही सांगितलं होतं."

म्हातारीने मडक्यातला हात बाहेर काढला. "मग मी एकट्या चोराला बोल कसा लावू?" एवढंच ती म्हणाली आणि रिकामं मडकं कडेवर घेऊन निघून गेली.

त्या वर्षी तिने उसनं बियाणं पेरलं. ते तिच्या खडकाळ शेतात उगवलं आणि वाळून गेलं. कोठाऱ्याने त्या जोंधळ्यासाठी मुलूख पालथा घातला, पण दाणा मिळाला नाही. त्याने झुडपं मुळासकट उपटली. झरोक्याला बोटभर जाडीचे गज बसवले, दगडात खोल रोवून.

पुढच्या सुगीला त्याने तळघर सारवलं आणि वाट बघत बसला. कुणीच आलं नाही. लोक येता-जाता रामराम करायचे, तब्येत विचारायचे आणि बियाण्याची मडकी आपापल्या घरी आढ्याला टांगायचे. कुणाचा राग नव्हता, हेच त्याला फार लागलं. कुणीतरी येऊन कडाडून भांडावं असं त्याला वाटायचं. भांडायलाही कुणी आलं नाही. त्या पंचक्रोशीत त्याच्या तळघरासारखं भक्कम तळघर नव्हतं आणि त्यात राखायला काहीच नव्हतं.

लहानांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: जी उणीव आपल्याला दिसते आणि तरी आपण तशीच राहू देतो, तिच्यातून झालेल्या चोरीत आपलाही हात असतो.