तळगेवाडीचा दिलेला गडी

पाहुणे, जरा अलीकडे बसा, त्या रेषेवर नको. आत्ताच चुना मारलाय मी. हे आमच्या तळगेवाडीचं हॉकीचं मैदान. आज मरगुबाईची जत्रा, चारला शेजारच्या माळेकोंडशी सामना. आणि ह्या सामन्यात आमच्यातला सगळ्यात चांगला खेळाडू आम्ही त्यांना देऊन टाकतो. हसा, हसा. बाहेरची माणसं हसतातच.

फार मागची गोष्ट. बाभळीच्या वाकड्या फांद्या तासून स्टिका करायचे, तेव्हाची. केरबा शिंत्रे म्हणून एक गडी होता. त्याच्या जोरावर तळगेवाडीनं पहिल्यांदा माळेकोंडला हरवलं, तेव्हा गाव वेडं झालं म्हणे. हलग्या फुटेस्तोवर वाजवल्या. म्हातारी माणसं गुलालात लोळली.

पुढच्या जत्रेला परत जिंकले. त्याच्या पुढच्याही. तेव्हापासून ‘जिंकलो का?’ असं कुणी विचारेना, ‘कितीनं?’ एवढंच. पाचव्या वर्षी तीन-दोननं जिंकले, तर लोकांनी तोंडं वाकडी केली. ‘ह्याला काय जिंकणं म्हणायचं?’ मग अर्ध्या खेळातच बायका धारा काढायला उठायला लागल्या, पुरुष चंची सोडून गप्पा मारत बसायचे. आठव्या वर्षी केरबानं पाच गोल केले, ते बघायला त्याची आई आनसाबाई आणि तिच्या दोन शेळ्या! पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

गावचे पंच म्हणाले, बघायला काळं कुत्रं येत नाही, मग एवढा माळ अडवून कशाला ठेवायचा? येत्या जत्रेचा सामना शेवटचा. पुढं इथं गुरांचा बाजार भरवू.

केरबाला अन्न गोड लागेना. ह्या माळाशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं हो! जत्रेच्या सकाळी तो देवळात गेला. ‘आई, माळ राख. मागशील ते देतो,’ म्हणाला आणि मूर्तीला फुलं लावून कौल मागितला. उजवं फूल पडलं की देवीचा होकार. त्यानं कोंबड्याचा नवस केला, फूल हललं नाही. स्टिक पुढं ठेवली, तरी नाही. शेवटी वैतागून अंगातला गावाचा तांबडा सदरा काढून पायाशी टाकला, तेव्हा उजवं फूल पडलं, असं सांगतात. केरबा काय ते समजला, सदरा तिथंच ठेवून बाहेर पडला.

माळेकोंडवाले हरून हरून विटले होते, त्या दिवशी दहाच जण आले. केरबा उघड्या अंगानं चालत गेला आणि त्यांच्यात उभा राहिला. त्यांनी त्याला आपला निळा सदरा दिला. बातमी वस्तीत पोचायला कितीसा वेळ! धारा टाकून बायका धावल्या, पुरुष धावले. ‘फितूर झाला मुडदा!’ गावानं ढेकळं मारली, देवीचा धावा केला, एकमेकांचे दंड आवळून धरले. शेवटच्या घटकेला केरबानंच गोल केला आणि गाव हरलं. आठ वर्षांत पहिल्यांदा माणसं ह्या माळावर रडली.

खेळ संपला. केरबा मधोमध एकटा उभा. तेव्हा आनसाबाई उठली. सगळ्यात जास्त शिव्या तिनंच दिल्या होत्या. म्हणाली, ‘फुडच्या जत्रंला ये रं! तुला धुळीत लोळवला न्हाई, तर नावाची आनसा न्हाई!’ आणि मागून सगळं गाव ओरडलं, ‘येच तू!’ गुरांच्या बाजाराचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. केरबानं मात्र तांबडा सदरा परत कधी अंगाला लावला नाही म्हणे.

आजही जत्रेच्या सकाळी पंच एक खेळाडू निवडतात, घरातलं थोरलं माणूस आपल्या हातानं त्याला निळा सदरा घालतं, आणि मग आख्खं गाव त्याच्यावर ओरडतं. आता पोरीही खेळतात. ह्या वर्षी माझी नात वृषाली निवडली. सकाळी मीच तिला निळा सदरा घातला. आता तांबड्यांत बसून तिला शिव्या घालायच्या. गाव जिंकावं असं वाटतं, आणि ती हरू नये असंही वाटतं. अहो, चहाचा घोट उतरला नाही सकाळपासून. किती वाजले हो?