चंद्रिकेच्या चाकाखालचं लिंबू

गाड्या माणसांसारख्या फुशारक्या मारायला शिकल्या, त्या काळची गोष्ट. एका गोठ्यात चंद्रिका नावाची जुनी मोटार धूळ खात पडली होती. तिच्या मागच्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवत बसायची.

एकदा तिथं सरनोबत नावाचे गृहस्थ आले. लोक विसरून गेलेल्या मोटारी हुडकायचा त्यांना नाद होता. चंद्रिकेला बघून त्यांचे डोळे भरून आले. "अख्ख्या जिल्ह्यात हे मॉडेल एवढं एकच उरलंय," ते म्हणाले, आणि त्यांनी अंडी पेंढ्यासकट बाहेर फेकली.

"ऐकलंस ना?" चंद्रिका कोंबडीला म्हणाली. "मी दुर्मिळ आहे. तू आता दुसरीकडे बघ."

कोंबडी शेजारी उभ्या असलेल्या भाजीच्या टेम्पोखाली जाऊन बसली.

"तुझ्यासारखे गल्लोगल्ली आहेत," चंद्रिकेनं टेम्पोलाही सुनावलं. "तुला कोण शोधत येणार?"

"मी हरवलो कधी होतो?" टेम्पो म्हणाला.

सरनोबतांनी चंद्रिकेला घासूनपुसून चकचकीत केलं, आणि दसऱ्याला तिची नि टेम्पोची, दोघांची पूजा झाली. झेंडूचे हार घातले, चाकांखाली लिंबं ठेवली. टेम्पो आपलं लिंबू चिरडून बाजाराला निघून गेला. चकचकीत चंद्रिका मात्र खोकली, शिंकली आणि जागची हलली नाही.

"बाई, तू एकटीच का उरलीस ते आत्ता कळलं," कोंबडी म्हणाली. "तुझ्यासारखी गाडी ज्यानं एकदा घेतली, त्यानं परत घेतली नाही."

जमलेली माणसं वाट बघत होती. सरनोबतांनी चाकाखालचं लिंबू हळूच ओढून घेतलं आणि स्वतःच्या टाचेनं चिरडलं. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.