राक्षसाची आई

एका राज्यात राजवाड्याच्या सज्जात एक मैना होती. मांत्रिकाने राजाला दिलेली. ती सांगेल ते खरे होई. रोज तिन्हीसांजेला ती नगरातल्या मुलांना गोष्ट सांगे, आणि तिच्या प्रत्येक गोष्टीतला राक्षस नेमका नदीपलीकडे, टोपल्या विणणाऱ्यांच्या वस्तीत राही. शेवटी राजपुत्र त्याला मारी. मुले टाळ्या पिटत.

तिकडे वस्तीतल्या लेकरांच्या कपाळावर शिंगे उगवत. शिंग पुरते वाढले की राजपुत्र शिकारीला निघे. तिथल्याच धुरपाचा मुलगा असाच गेला. आता धाकट्या लेकीच्या, येसूच्या कपाळावर कोंब दिसला, तशी धुरपा उठली आणि थेट दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, मैनेला गोष्ट बदलायला सांगा."

"तिच्या गोष्टी ऐकूनच आमची मुले शूर होतात," राजा म्हणाला. "तरी तीन कामे कर, मग पाहू. टोपलीतून पाणी आण. डोंगरातल्या नागाचा मणी आण. आणि मैनेला निरुत्तर कर."

टोपलीत कधी पाणी राहते? पण धुरपाची आसवे नदीत पडली, नदीला दया आली आणि थेंबही गळला नाही. डोंगरात नागाने फणा उभारला, तिला पाहून मिटला.

"गोष्टीत दर वेळी मीही मरतो, बाई," तो म्हणाला. "मणी घेऊन जा."

उरली मैना. धुरपाला ना शास्त्र ठाऊक, ना कोडी. जे तिला रोज आतून खात होते, तेच तिने विचारले.

"राक्षसाला मारलं, त्या रात्री त्याच्या आईनं भाकरी कुणाला वाढली?"

मैनेने चोच उघडली आणि तशीच मिटली. तिच्या एकाही गोष्टीत राक्षसाला आई नव्हती. तिची वाचा गेली ती कायमची. नदीपलीकडे सगळ्या लेकरांची शिंगे गळून पडली. राजाने शिकार बंद केली, नगरात दिवे लागले. धुरपाचा मुलगा मात्र परत आला नाही.

घरी येऊन तिने येसूला मांडीवर घेतले. तिच्या मोकळ्या कपाळावरून हात फिरवत ती म्हणाली, "आता मीच गोष्ट सांगते हं. एका राज्यात येसू नावाची एक मुलगी होती. ती नदीत डुंबायची, झाडावर चढायची..."

येसू ऐकत होती. मग तिने हळूच विचारले, "आई, तिला मारायला राजपुत्र कधी येतो गं?"

धुरपाने तिला उराशी घट्ट धरले.