चारशे बारा एकांतवासी

"पण बुवा, एकवीस दिवसांत एका माणसाचं तोंड बघितलं नाही मी. मग एकांत मोडला कसा?"

प्रज्योत गुहेच्या तोंडाशी मांडी ठोकून बसला होता. समोर रामगिरबुवा, चढ चढून धापा टाकत.

त्या डोंगरावरच्या मठाची रीतच तशी. चेला व्हायचं तर वरच्या गुहेत एकवीस दिवस एकट्यानं काढायचे. कुणीतरी सकाळी दगडावर भाकरी ठेवून मागं न बघता निघून जाणार. शेवटच्या दिवशी बुवा स्वतः येणार अन् आपल्या खांद्यावरची झोळी काढून त्याच्या खांद्याला अडकवणार. झोळी मिळाली की झाला चेला. नाही मिळाली की गपगुमान घरी.

आज एकविसावा दिवस. अन् बुवांच्या कानावर आलेलं, की गुहेतला एकांतवासी दिवसभर मोबाईलवर असतो.

प्रज्योतनं काही लपवलं नाही. उलट छाती फुगवून सांगितलं, की त्यानं एकांतवाल्यांचा ग्रुपच काढलाय. कुणी देवळामागं, कुणी मळ्यातल्या खोपीत, एकजण बायकोला भिऊन गच्चीवर. चारशे बारा जण, सगळे एकटे. अन् हा त्यांचा ॲडमिन. चार्जिंगला बाहेर सोलरची प्लेटपण लावलेली.

"एकटा तो एकटाच राहिला ना बुवा? मोबाईल काय माणूस आहे?"

बुवांनी खांद्यावरची झोळी काढली, मांडीवर ठेवली...

प्रज्योत सावरून बसला. मिळतीय बहुतेक.

तेवढ्यात मोबाईल वाजला. एकच मिनिट बुवा, म्हणत त्यानं मान खाली घातली. ग्रुपवर एकानं म्हैस विकायला काढली होती. त्याला दम दिला, तर त्याची बाजू घेऊन तिघं उठले. मग एकांतात भांडावं का नाही, ह्याच्यावर भांडण लागलं...

बुवांनी प्रज्योतच्या वाटणीची भाकरी खाल्ली. उरलेला तुकडा माकडाला टाकला. वहाणेचा अंगठा शिवला. दगडाला टेकून चांगली घोरत एक झोप काढली. ऊन गुहेच्या तोंडावरून पार खाली उतरलं...

म्हैसवाल्यानं माफी मागितली, तेव्हा कुठं प्रज्योतची मान वर झाली.

"अरे... बुवा, तुम्ही अजून इथंच?"

"इथंच."

"मग सांगा की. माझा एकांत झाला का नाही?"

बुवांनी झोळी उचलली. झटकली. अन् आपल्याच खांद्याला अडकवली.

प्रज्योतचं तोंड एवढंसं झालं. बुवा मात्र खुशीत होते.

"तुझं मला माहीत नाही, बाबा. पण मी सकाळपासून तुझ्या शेजारी बसलोय... इतका एकांत मला चाळीस वर्षांत मिळाला नव्हता. उद्या परत येऊ का?"