कादंबरीतून आई काढली तेव्हा

सांगलीकडं एक होती शेवंता, एक होते तिचे वडील दादा, आणि एक होती आई, पण ती बिचारी वर्षामागंच देवाघरी गेलेली. शेवंतानं पहिलीवहिली कादंबरी लिहिली आणि तिच्यात आईला जिवंत ठेवलं. प्रकाशक नानासाहेब बडं प्रस्थ. त्यांनी नाक मुरडलं.

"बाई, ही आई गोष्टीत काहीच करत नाही. सगळ्यांना वाढते आणि गप्प बसते. काढा तिला, मग छापतो."

शेवंता आठवड्यानं परत आली. तिनं त्यांच्या पुढ्यात दोनच पानं ठेवली.

"बाकीची कादंबरी कुठाय?"

"आईला काढलं, नानासाहेब. मग चूल पेटली नाही. थोरला उपाशी राहिला, शाळेला गेलाच नाही, धाकटी तापातून उठली नाही, बाप घर सोडून गेला. पुढं गोष्ट चालवायला उरलंच कोण?"

नानासाहेबांनी ती दोन पानं पुन्हा जवळ ओढली. मग म्हणाले, "आमची आईपण सगळ्यांच्या मागून जेवायची. तिला काही उरलं का, ते मी कधी विचारलं नाही."

कादंबरी आईसकट छापली. शेवंताचं नाव झालं, दाराशी वाचक येऊ लागले. बायको गेल्यापासून मुके झालेले दादा आता आल्यागेल्याला आपल्या हातानं वाढतात आणि तिच्याविषयी भरभरून बोलतात.